नामशेष प्राण्यांची सोन्याची नाणी: धातूचे किती, ठशाचे किती?

सेलूहून एका माध्यमिक शिक्षकांनी पुढील प्रश्न विचारला आहे. आठवीत शिकणाऱ्या त्यांच्या लेकीला डायनोसॉर, मॅमथ अशा नामशेष झालेल्या प्राण्यांचे वेड आहे. दर दिवाळीला तिच्या नावाने ग्रॅमभर सोने घेण्याची घरात रीत असल्यामुळे, यंदा लक्ष्मीच्या नाण्याऐवजी मॅमथचे चित्र असलेले अर्ध्या ग्रॅमचे परदेशी सोन्याचे नाणे घ्यावे असे त्यांच्या मनात आहे. परंतु ते खरे कसे ओळखावे, सोन्याच्या भावापेक्षा त्याला इतके जास्त का पडतात आणि पुढे मोडायची वेळ आली तर आपल्याकडचा सराफ त्याचे काय देईल, हे त्यांना कळत नाही. सोबत त्यांनी ऑनलाइन पाहिलेल्या दुसऱ्या एका संचाचे वर्णन पाठवले आहे: सहा डायनोसॉर, '24 कॅरेट सोन्याचा थर', लाकडी पेटी आणि प्रमाणपत्र.

सर, आधी दुसऱ्या संचाचे सांगतो, कारण ते दोन ओळींत संपते. ज्या वस्तूच्या वर्णनात 'सोन्याचा थर', 'सोन्याचे आवरण' किंवा 'मुलामा' असे शब्द आहेत, ती वस्तू सोन्याची नाही. आत तांबे किंवा पितळ असते आणि वरचा थर इतका पातळ असतो की त्यातले सोने काढायला गेल्यास ते काढण्याचा खर्चही निघत नाही. खेळणे म्हणून हवा असेल तर खेळण्याच्या किमतीत घ्यावा, दिवाळीच्या सोन्याच्या पैशातून मुळीच घेऊ नये.

आता मॅमथच्या नाण्याविषयी. लातूरच्या सराफ लाइनमध्ये आमची तिसरी पिढी आहे आणि सोन्याच्या देवघेवीबरोबरच नाणी जमवण्याचा नाद मला शाळेपासून लागलेला आहे. या दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे. असे नाणे विकत घेताना आपण एकाच वेळी दोन वस्तू विकत घेत असतो: एक धातू आणि दुसरा त्यावरचा ठसा. धातूचा भाव रोज सकाळी ठरतो आणि तो लातूरला, सेलूला, मुंबईला जवळजवळ सारखाच असतो. ठशाचा भाव मात्र ज्याला तो प्राणी, ती मालिका आणि ती टांकसाळ ओळखता येते, त्याच्यापुरताच असतो. सराफाचा काटा फक्त पहिली वस्तू तोलतो. म्हणून खरेदीच्या वेळी धातूचे किती आणि ठशाचे किती, हे दोन आकडे कागदावर वेगळे मांडल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

हिशेब करून दाखवतो. सोयीसाठी शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरू. प्रत्यक्षात त्या दिवशीचा जो भाव असेल तो घालावा. अर्ध्या ग्रॅमच्या नाण्यात 5,000 रुपयांचे सोने आहे. विक्रेता ते 9,000 रुपयांना देत असेल, तर 4,000 रुपये ठशाचे, डबीचे, प्रमाणपत्राचे आणि विक्रेत्याच्या नफ्याचे झाले. म्हणजे धातूवर 80 टक्के वाढावा. उद्या तेच नाणे एखाद्या सराफाकडे मोडायला नेले, तर तो 5,000 रुपयांतून आपली घट आणि नफा वजा करून उरलेले देईल. प्राणी मॅमथ आहे की म्हैस आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. नुसत्या मोडीच्या भावाने तुमचे 9,000 परत यायचे असतील, तर सोने ग्रॅमला 18,000 च्याही वर जावे लागेल. नाणे जितके लहान तितका हा वाढावा टक्क्यांनी मोठा असतो, कारण साचा कोरणे, नाणे पाडणे, तपासणे आणि डबीत बंद करणे यांचा खर्च अर्ध्या ग्रॅमलाही जवळजवळ तेवढाच येतो, जेवढा 31.1 ग्रॅमच्या पूर्ण औंसाला येतो. आपल्याकडे लहान कुडीची घडणावळ ग्रॅममागे जास्त आणि पाटलीची कमी पडते, तसाच हा प्रकार आहे.

अर्धा ग्रॅम म्हणजे नेमके किती, हेही डोळ्यांसमोर आणावे. जुन्या मापाने ते चार गुंजांहून किंचित जास्त होते. या वजनाची बहुतेक परदेशी नाणी 11 मिलिमीटर व्यासाची असतात. शुद्ध सोन्याची घनता 19.3 धरून गणित केले, तर अशा नाण्याची सरासरी जाडी जेमतेम 0.27 मिलिमीटर येते, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीची. मी पहिल्यांदा असे नाणे डबीतून काढले तेव्हा काट्याजवळच्या पंख्याचा झोत लागून ते पारड्यावरून सरकले होते. भिंगाखाली धरले की मात्र त्याची खरी करामत दिसते: मॅमथच्या अंगावरची केसांची रेघ न् रेघ सुटी, सुळ्याच्या वळणाला वेगळी झळाळी, मागची पार्श्वभूमी आरशासारखी आणि प्राणी धुक्यासारखा मंद. एवढ्याशा जागेत हे उतरवणाऱ्या कारागिराला मी मनापासून मानतो, आणि म्हणूनच ठशाला काहीच किंमत नाही असे सांगणाऱ्या आमच्या धंद्यातल्या मंडळींशी माझे पटत नाही. किंमत आहे, फक्त ती आपल्याला ठाऊक असली पाहिजे.

नाणे खरे की खोटे, हे ओळखण्याचा पहिला मार्ग याच मोजमापातून जातो. सोने इतके जड आहे की व्यास, जाडी आणि वजन ही तिन्ही एकदम जुळवणे स्वस्त धातूला शक्य होत नाही. वरच्याच मापाचे नाणे तांब्याचे करून त्यावर मुलामा दिला, तर त्याचे वजन अर्ध्या ग्रॅमऐवजी 0.23 ग्रॅमच्या आसपास भरते. वजन जुळवायला गेले तर जाडी दुपटीहून जास्त होते. तेव्हा टांकसाळीने जाहीर केलेला व्यास आणि वजन आधी टिपून घ्यावे, आणि मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या सराफी काट्यावर नाणे तोलून पाहावे. किराणा दुकानातला काटा इथे कामाचा नाही. चुंबक लावून पाहण्याचा उपाय बरेच जण सांगतात, परंतु तांबे, पितळ, शिसे यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही. चिकटले तर खोटे हे नक्की, न चिकटले म्हणून खरे असे मात्र म्हणता येत नाही.

मोठ्या नाण्याच्या बाबतीत पाण्यातले वजन हा उत्तम पुरावा असतो. उदाहरणार्थ, 31.1 ग्रॅमचे शुद्ध सोन्याचे नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोलले, तर त्याचे वजन सुमारे 1.61 ग्रॅमने कमी दिसले पाहिजे. अर्ध्या ग्रॅमला ही घट केवळ 26 मिलिग्रॅम येते आणि एखादा हवेचा बुडबुडा चिकटला तरी उत्तर चुकते, म्हणून लहान नाण्यावर हा प्रयोग करू नये. शिवाय एकच धातू या परीक्षेतून निसटतो: टंगस्टनची घनता 19.25, म्हणजे सोन्याच्या अगदी जवळ आहे. तो पातळ नाण्यात वापरणे अवघड असते. मोठ्या बिस्किटांच्या बाबतीत मात्र ही शंका धरावीच लागते.

टंच म्हणजे शुद्धता काढण्याच्या क्ष-किरण यंत्रावर लोकांचा फार विश्वास असतो आणि तो बऱ्याच अंशी योग्यही आहे. परंतु ते यंत्र पृष्ठभागाजवळचाच धातू वाचते. मुलामा पातळ असेल तर आतले तांबे लगेच उघडे पडते, जाड असेल तर यंत्र फसू शकते. म्हणून यंत्राचा आकडा आणि मापे दोन्ही जुळली तरच मी हो म्हणतो. कसोटीचा दगड मात्र अशा नाण्याच्या जवळपासही आणू नये. दागिन्याला कस लावताना गेलेली रेघ पॉलिशमध्ये भरून निघते. नाण्याच्या कडेला लागलेली रेघ कायमची राहते आणि ठशाचे सगळे पैसे त्या एका रेघेत जातात.

हे मी शिकलो तेही नुकसान सोसूनच. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून मी पाच डायनोसॉर नाण्यांचा एक लॉट घेतला. डब्या बंद होत्या, प्रमाणपत्रे छापील होती आणि भावही मोह पडावा असा होता. घरी येऊन एक डबी उघडली आणि नाणे बोटावर ठेवताच मनात पाल चुकचुकली, कारण सोन्याचा हातात पडणारा भार त्यात नव्हता. काट्याने तेच सांगितले. प्रमाणपत्रावर वजनाच्या जागी डबीसकट वजन छापलेले होते, आणि 'सोने' या शब्दाआधीचा 'मुलामा' हा शब्द तिसऱ्या ओळीत अगदी बारीक अक्षरात होता. तेव्हापासून प्रमाणपत्र मी शेवटी वाचतो, आधी नाणे वाचतो.

नाणे वाचणे म्हणजे काय, तेही सांगतो. खऱ्या नाण्यावर चार गोष्टी कोरलेल्या असाव्यात: काढणाऱ्या देशाचे किंवा तिथल्या राजा-राणीचे नाव, दर्शनी मूल्य, वर्ष आणि बहुधा धातूची शुद्धता व वजन. यांपैकी नाव आणि मूल्य दोन्ही नसतील तर ते बहुधा नाणे नसून पदक असते. पदकही सोन्याचे असू शकते, परंतु त्याला नाण्याच्या संग्राहकांचा बाजार क्वचितच मिळतो. शुद्धता 999.9 असेल तर ते 24 कॅरेट, 916.7 असेल तर 22 कॅरेट. आपल्या दागिन्यांवर असतो तो बीआयएसचा हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी हा ओळख क्रमांक परदेशी टांकसाळीच्या नाण्यावर दिसणार नाही. तो नाही म्हणून नाणे खोटे ठरत नाही, मात्र मग टांकसाळीचे नाव आणि तिची मापे यांवरच आपली सगळी भिस्त राहते.

देशाच्या नावाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. मंगोलियाचे नाव असलेले नाणे तिथल्या बाजारात भाजी घ्यायला चालते, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात ही सगळी नाणी संग्राहकांसाठीच काढलेली असतात. देश आपले नाव आणि चलन वापरण्याची परवानगी देतो, कल्पना आणि विक्री एखाद्या खासगी कंपनीची असते आणि नाणी पाडली जातात ती तिसऱ्याच देशात. मंगोलियाच्या नावाने निघणारी, जीवसृष्टीच्या उत्क्रांतीवरची मालिका लिक्टेनस्टाईनमधली एक कंपनी काढते आणि तिची नाणी जर्मनीत पाडली जातात. यात फसवणूक काही नाही. काम अत्यंत देखणे असते. आयव्हरी कोस्टच्या नावानेही मॅमथचे नाणे निघालेले आहे, आणि तिथे तर आणखी एक गुंता आहे. आयव्हरी कोस्टसह पश्चिम आफ्रिकेतल्या आठ देशांचे सीएफए फ्रँक हे चलन एक सामाईक मध्यवर्ती बँक काढते, त्यामुळे एकट्या देशाच्या नावाने फ्रँकचे मूल्य कोरलेल्या नाण्याच्या दर्शनी मूल्याला व्यवहारात काही अर्थ राहत नाही. तुम्हाला मिळालेले वर्णन या देशाच्या नाण्याचे असेल तर ते सोने आणि कलाकृती म्हणून जरूर घ्या, 'कायदेशीर चलन' या शब्दांसाठी एक पैसाही जास्त देऊ नका. याच देशाच्या नावाने मॅमथच्या दाताचा खरा तुकडा बसवलेले चांदीचे नाणेही निघाले होते. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बंद आहे आणि कस्टममध्ये त्यावरून वाद उभा राहू शकतो, म्हणून तसे नाणे कितीही सुंदर दिसले तरी मागवू नये.

देश आणि टांकसाळ एकच असलेली नाणी हवी असतील, तर ब्रिटनच्या रॉयल मिंटने 2020 मध्ये काढलेल्या डायनोसॉर मालिकेकडे पाहावे. ब्रिटनच्या अधिकृत नाण्यांवर डायनोसॉर तेव्हा पहिल्यांदा आले. 50 पेन्सच्या त्या सातकोनी नाण्यांवर मेगॅलोसॉरस, इग्वानोडॉन आणि हायलिओसॉरस हे तीन प्राणी आहेत, आणि ही निवड अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. याच तीन प्राण्यांच्या हाडांवरून रिचर्ड ओवेन यांनी 1842 मध्ये 'डायनोसॉरिया' हा शब्द घडवला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या सहकार्याने काढलेल्या या नाण्यांची चित्रे रॉबर्ट निकल्स या प्राचीन प्राण्यांच्या चित्रकाराने काढली. पुढच्या वर्षी त्याच धर्तीवर मेरी अ‍ॅनिंग या इंग्लंडमधल्या जीवाश्म शोधणाऱ्या स्त्रीच्या सन्मानार्थ टेम्नोडोन्टोसॉरस, प्लेसिओसॉरस आणि डायमॉर्फोडॉन यांची नाणी निघाली. तुमच्या लेकीला हे नक्की सांगा की या दुसऱ्या संचातला एकही प्राणी डायनोसॉर नाही. पहिले दोन समुद्रातले सरपटणारे प्राणी आहेत आणि तिसरा उडणारा. या नाण्यांच्या सोन्याच्या आवृत्त्या 22 कॅरेटच्या आणि 15.5 ग्रॅम वजनाच्या असतात, म्हणजे दीड तोळ्याच्या घरात जातात. दिवाळीच्या ग्रॅमभर सोन्याच्या अंदाजपत्रकात त्या बसणाऱ्या नाहीत. परंतु तीच चित्रे साध्या तांबे-निकेलच्या नाण्यांवरही आहेत आणि ती पुष्कळ स्वस्तात मिळतात. मुलीला चित्र हवे आहे आणि तुम्हाला सोने, तर या दोन गोष्टी वेगवेगळ्या घेणे हाही चांगला मार्ग आहे, आणि हिशेबाने पाहिले तर तोच सर्वांत स्वस्त आहे.

प्राणी बरोबर कोरला आहे का, हे पाहण्याची सवय संग्राहकाने लावून घ्यावी. गोबीच्या वाळवंटात 1923 मध्ये सापडलेल्या आणि पुढच्या वर्षी नाव मिळालेल्या व्हेलोसिरॅप्टरचेच घ्या. तो साधारण टर्की पक्ष्याच्या आकाराचा होता, आणि त्याच्या पुढच्या पायाच्या हाडावर पिसांच्या मुळांचे उंचवटे आढळल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही आजही कित्येक नाण्यांवर तो माणसाएवढा, पालीसारख्या खवल्यांचा दाखवलेला असतो. इग्वानोडॉनच्या अंगठ्याचा काटा सुरुवातीला अभ्यासकांनी त्याच्या नाकावर बसवला होता. जुन्या ज्ञानावर आधारलेल्या चुकीला इतिहास म्हणून मोल आहे. आजच्या काळात आळसाने केलेल्या चुकीला मात्र मी वाढावा देत नाही. आणि मॅमथला 'डायनोसॉर नाणे' म्हणून विकणाऱ्याकडून तर काहीच घेऊ नये. डायनोसॉर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपले, मॅमथची शेवटची टोळी आर्क्टिकमधल्या रँगल बेटावर सुमारे 4,000 वर्षांपूर्वीपर्यंत जगत होती, आणि त्याचा आजचा सर्वांत जवळचा नातलग म्हणजे आपला आशियाई हत्ती. ज्याला एवढेही पाहायचे नाही, त्याने वजन आणि शुद्धता तरी नीट पाहिली असेल याची खात्री काय?

'मर्यादित संख्या' या शब्दांचा मोहही आवरावा लागतो. प्रमाणपत्रावर 5,000 किंवा 15,000 असा आकडा असतो, परंतु तो त्या एका वजनाच्या, त्या एका वर्षाच्या नाण्याचा असतो. तोच मॅमथ पुढच्या वर्षी किंचित वेगळ्या पवित्र्यात, दुसऱ्या देशाच्या नावाने पुन्हा निघू शकतो. तुलनेला आपल्या देवगिरीच्या यादवांची पद्मटंके घ्या. मधोमध कमळ आणि भोवती राजाच्या नावाचे ठसे अशी ती जेमतेम पावणेचार ग्रॅमची सोन्याची नाणी आहेत. ती दुर्मीळ झाली ती सात-आठशे वर्षांत वितळली, पुरली आणि हरवली गेली म्हणून. कुणी ठरवून कमी काढली म्हणून नव्हे. काळाने घडवलेली टंचाई आणि कागदावर लिहिलेली टंचाई यांत फरक आहे, आणि नव्या नाण्याची किंमत पुढे वाढेलच असे सांगणाऱ्याला हा फरक जरूर विचारावा. माझ्या अनुभवात या छोट्या नाण्यांपैकी बहुतेकांची किंमत सोन्याच्या भावामागे जाते, ठशाचा वाढावा हळूहळू विरतो, आणि एखाददुसऱ्याच मालिकेला संग्राहक धरून ठेवतात.

विकायचे झाल्यास मराठवाड्यात संग्राहकांचा बाजार विरळ आहे. लातूर, नांदेड, संभाजीनगर इथे नाणी जमवणारे जाणकार आहेत, परंतु त्यांचा ओढा पैठण-तेरच्या सातवाहन नाण्यांकडे, निजामशाहीच्या आणि हैदराबादच्या नाण्यांकडे अधिक असतो. ठशाचे पैसे हवे असतील तर पुण्या-मुंबईच्या नाणे प्रदर्शनांत किंवा लिलावांत जावे लागते, आणि तिथे मूळ डबी, प्रमाणपत्र व खरेदीचे बिल ही तिन्ही सोबत असणे आवश्यक असते. तारण ठेवून कर्ज काढण्याच्या बाबतीत तर अशा परदेशी नाण्यावर भरवसा ठेवूच नये. शाखेतला मूल्यांकन करणारा माणूस ते पाहून बहुधा नकारच देतो.

परदेशातून थेट मागवण्याचा विचारही करू नका. सोन्याच्या आयातीचे नियम कडक आहेत, शुल्क वेळोवेळी बदलते, आणि टपालाने आलेले पाकीट महिनोन् महिने कस्टममध्ये पडून राहिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकालाही सांगू नये, कारण प्रवाशांना जी शुल्कमाफी मिळते ती अंगावरच्या दागिन्यांना असते, नाण्यांना आणि बिस्किटांना नसते. भारतात आधीच आयात झालेले नाणे जीएसटीच्या बिलासह, देवघेवीत नाव असलेल्या नाणे-विक्रेत्याकडून घ्यावे. सोन्याच्या नाण्यावर 3 टक्के जीएसटी लागतो आणि बिलावर वजन, शुद्धता, देश, वर्ष हे सर्व लिहून घ्यावे. पुढे 24 महिन्यांनंतर विकल्यास होणाऱ्या नफ्यावर सध्याच्या नियमाप्रमाणे 12.5 टक्के दराने कर बसतो, आणि तेव्हा खरेदीची किंमत दाखवायला हेच बिल उपयोगी पडते.

घरी आणल्यावर काय करावे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण मला सांगितलेच पाहिजे, कारण सर्वांत जास्त नाणी मी इथेच खराब झालेली पाहिली आहेत. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला नाण्यांना हळदीकुंकू वाहतात आणि दुसऱ्या दिवशी रिठ्याच्या पाण्याने धुऊन पुसून ठेवतात. साध्या नाण्याला त्याने काही होत नाही. आरशासारखी पार्श्वभूमी असलेल्या प्रूफ नाण्यावर मात्र कुंकवाचा कण घासला गेला तरी शेकडो बारीक चरे उमटतात, आणि ते कोणत्याही पॉलिशने जात नाहीत. नाणे डबीतच बंद ठेवून पाटावर मांडावे, हळदीकुंकू डबीवर वाहावे. उघडावे लागलेच तर कडेने, मऊ टोकाच्या चिमट्याने धरावे. अंगठ्याचा ठसा शुद्ध सोन्यावरसुद्धा कालांतराने पक्का होतो. कधी कधी 999.9 च्या नाण्यावरही लालसर ठिपके येतात. पाडताना पृष्ठभागावर राहिलेल्या परक्या धातूच्या कणांमुळे ते येतात आणि नाणे खोटे असल्याची ती खूण नव्हे. ते खरवडू नयेत. आणि कृपा करून त्याचे पदक करून लेकीच्या गळ्यात घालू नका. काही वर्षांपूर्वी औशाकडच्या एका ताईंनी असेच अर्ध्या ग्रॅमचे नाणे आणून कडी लावून मागितली. मी नको म्हणत होतो, त्यांचा आग्रह होता, आमच्या कारागिराने जपून डाग देऊन कडी जोडली, तरी पाव मिलिमीटरचा तो पत्रा उष्णतेने वाकला आणि प्राण्याचा मागचा पाय सपाट झाला. मजुरी मी घेतली नाही, पण नाणे काही परत आले नाही. गळ्यात घालायचेच असेल तर डबीसकट बसेल असे चांदीचे कोंदण करून घ्यावे.

म्हणून माझा सल्ला असा. यंदाच्या ग्रॅमभर सोन्यापैकी अर्धा ग्रॅम नेहमीसारखा साध्या, कमी वाढाव्याच्या नाण्यात ठेवा आणि अर्धा ग्रॅम मॅमथच्या नाण्यात घाला. मॅमथचे नाणे त्यातल्या सोन्याच्या किमतीच्या दीडपटीच्या आत मिळत असेल तर घ्या, त्यापुढे असेल तर सोडून द्या. दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या वर्षाचा मॅमथ मिळतो. तो वाढावा सोन्यातली गुंतवणूक म्हणून वहीत लिहू नका, लेकीच्या पुस्तकांच्या खर्चात लिहा.

तिने तुमच्यामार्फत विचारले आहे की आपल्या भारतातला प्राणी सोन्याच्या नाण्यावर का नाही. तिचा हा प्रश्न मला सर्वांत आवडला. भारत सरकारच्या टांकसाळीने काढलेले डायनोसॉरचे सोन्याचे नाणे माझ्या पाहण्यात आलेले नाही, आणि याची मला खंत आहे, कारण प्राण्यांची आपल्याकडे मुळीच वाण नाही. गुजरातेत बालासिनोरजवळ रहिओलीला सापडलेल्या हाडांवरून 2003 मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिले गेले. तुमच्या सेलूच्या दक्षिणेने वाहत जाणाऱ्या गोदावरीला पुढे प्राणहिता मिळते, त्या खोऱ्यात बारापासॉरस टागोराय सापडला. रवींद्रनाथांचे नाव असलेल्या त्या प्रचंड शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. आमच्या मांजरा नदीच्या गाळातून लातूर जिल्ह्यात प्राचीन हत्तींचे आणि पाणघोड्यांचे जीवाश्म निघालेले आहेत, म्हणजे मॅमथचे भाऊबंद आपल्या दारात पाणी पीत होते. आणि वेरूळची लेणी ज्या काळ्या खडकात कोरली, तो खडक डायनोसॉरांच्या अखेरीच्या काळात वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे.

सोन्यात नाही, तरी कागदावर आपला प्राणी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शताब्दीनिमित्त टपाल खात्याने 1951 मध्ये दोन आण्यांचे एक तिकीट काढले. त्यावर शिवालिकच्या टेकड्यांत सापडलेल्या, लांबच लांब सुळ्यांच्या स्टेगोडॉन गणेसा या नामशेष हत्तीची जोडी आहे. ते तिकीट अजूनही तिकीट-विक्रेत्यांकडे फारसे महाग नाही. मॅमथचे नाणे घ्याल तेव्हा ते तिकीटही घ्या आणि दोन्ही एका पाकिटात शेजारी शेजारी ठेवा. लेकीला भिंग द्या आणि दोघांच्या सुळ्यांची वळणे ताडून पाहायला सांगा. नाणे तोलून घ्यायचे असेल तर डबी न उघडता लातूरला घेऊन या; माझ्या काट्यावर तिच्यासमोरच तोलू.